दारावरचा दरबार

नागापूरच्या एका कारखान्यात कानिफनाथ सुपरवायझर होता, पण कामगार त्याला सहसा काही सांगत नसत. मशीन बंद पडलं की मगच त्याला कळायचं. शेवटी शेठ वैतागले. "महिनाभरात लोक तुझ्याशी बोलायला लागले पाहिजेत. नाहीतर परत लेथवर उभा राहा," असं बजावून त्यांनी त्याला नेतृत्वाच्या शिबिराला धाडलं.

शिबिरात अहिल्यादेवींचे धडे होते. देवी दरबारात बसून रयतेचं गाऱ्हाणं स्वतः ऐकत. "तुमचंही दार सगळ्यांना उघडं ठेवा," व्याख्याते म्हणाले. कानिफनाथाचा डोळा लागल्यासारखं झालं. आपण शांत बसलोय, समोर रांग लागलीय आणि माणसं हलक्या मनाने घरी चाललीत, असं त्याला बसल्या जागी दिसू लागलं.

गडी जन्मला शनिशिंगणापुरात. बिनदाराच्या घराचं त्याला काय नवल! कामावर येताच त्याने केबिनचं दार बिजागऱ्यांसकट उतरवलं.

तिथेच पंचाईत झाली. पूर्वी कामगारांपैकी रतनबाई निदान दार लोटून चार शब्द बोलायची. आता आत कोण शिरलं, हे अख्ख्या शेडला दिसू लागलं.

"समद्यांम्होरं कसं सांगू, सायेब?" म्हणत तीही फिरकेना. बिचाऱ्याची दुपारची डुलकीसुद्धा गेली.

उतरवलेलं दार वेल्डर कल्याणने दोन ड्रमांवर आडवं टाकलं. जेवायला झकास टेबल झालं. महिना सरत आला, तेव्हा हताश कानिफनाथ एका दुपारी तिथेच डबा खाऊन दारावर डोकं टेकून पडला. झोप आपली वरवरची.

"प्रेस मशीनमधून तेल गळतंय," कल्याण कुजबुजला.

"मग सायबाला सांग की," रतनबाई म्हणाली.

"लई वरडत्यात गं."

"व्हय. आन् पंखा बी कवाचा बंद हाय."

पेंगुळलेल्या कानिफनाथाला वाटलं, भरला की दरबार! दुसऱ्या दिवशी गळती थांबली, पंखा फिरू लागला, साहेबांचं ओरडणंही बंद झालं. जेवण होताच ते पुन्हा दारावर आडवे झाले. कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं.

महिनाअखेर शेठ आले. भर दुपारी सुपरवायझर घोरताना बघून ते भडकलेच. "अरे ए, ऊठ!"

रतनबाईने ओठांवर बोट ठेवलं. "शेठ, उठवू नका. माजा नंबर हाय."

तिच्यामागे पाच-सहा जण उभे होते. तिने वाकून कानिफनाथाच्या कानाशी काहीतरी सांगितलं. घोरणं क्षणभर थांबलं, मान हलली, घोरणं पुन्हा सुरू झालं. रतनबाई प्रसन्न चेहऱ्याने बाजूला झाली.

शेठनी एकदा रांग मोजली. मग चपला न वाजवता हळूच रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.