आप्पांची वाढीव वर्षं

माणसं वय चोरतात. आमचे आप्पा वाढवून सांगतात.

पन्नाशी नुकतीच ओलांडली होती, तेव्हापासून ते बसमध्ये लोकांना उठवायचे. "ऊठ रं, म्हाताऱ्या मानसाला बसू दे." उठणारा गोंधळून बघत राहायचा, कारण म्हाताऱ्याचे केस काळेभोर आणि खांद्यावर तांदळाचं पोतं.

निपाणीत तंबाखूच्या वखारीत ते मुकादम होते. आता ते आणि आई दोघं टिळकवाडीत माझ्याकडं असतात. इथल्या डॉक्टरांनी फाइल बघून "सत्त्याहत्तर" म्हटलं, की आप्पा त्यांना थांबवतात. "ते कागदावरचं. तुमी ब्याऐंशी धरा." डॉक्टर ब्याऐंशी धरून तपासतात आणि म्हणतात, "मग तब्येत फारच ठणठणीत आहे." आप्पा छाती काढून बाहेर येतात.

लहानपणी माझ्या वाढदिवसाला पाट, औक्षण आणि शेवयाची खीर असायची. आप्पांच्या वाढदिवसाला मात्र अख्खी गल्ली. ते स्वतःच दारात उभे राहून आपलं वय मोठ्यानं जाहीर करायचे. आईचा वाढदिवस तेवढा कधी झाला नाही. विचारलं तर ती "मला कुठं ठावं हाय" म्हणून चुलीकडं वळायची, आणि आप्पा "ल्हान मानसांनी लई चौकशी करू ने" म्हणून विषय मोडायचे.

यंदा मी त्यांच्यासाठी केक आणला, खव्याचा कुंदा आणला आणि आकड्यांच्या मेणबत्त्या आणल्या. सात आणि सात. आप्पांनी त्या उलटसुलट करून बघितल्या.

"ह्या कुनाच्या?"

"तुमच्याच."

"बदलून आन. ब्याऐंशी."

"आप्पा, माझे गुडघे दुखतात. पुन्हा जिना उतरायचा म्हणजे..."

"बापापरास तूच म्हातारी झालीस की गं!"

मी चडफडत पिशवी घ्यायला स्वयंपाकघरात गेले. आई खोबरं किसत गालातल्या गालात हसत होती.

"आन गं त्यास्नी पायजे ते."

"पण हा कसला हट्ट? कुणी वाढवून सांगतं का वय?"

आईनं आधी बाहेरच्या खोलीकडं बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी थोरली हाय त्यांच्यापरास. दोन वर्सानं."

मी पिशवी खाली ठेवली. आईचं माहेर कडोलीचं. सोयरीक जुळवताना तिच्या मामानं तिचं वय कमी करून सांगितलं होतं आणि लग्नानंतर ते कुठून तरी फुटलं.

"तुझी आजी लई भडकली. पान्याला गेलं की बायका हसायच्या, नवऱ्याला कडंवर घिऊन आलीस व्हय म्हनून. एकदा मी मागल्या दारात रडत बसलेली ह्येंनी बघितली. संध्याकाळी घरभर पावनं बसलेलं, तवा आजीला म्हनले, आई, तुझी चूक हुतीया. तू म्हनतीस त्याच्या पाच वर्सं आधी जन्मलोय मी."

"आणि आजी?"

"ती वरडली, 'रं मुडद्या, मी जन्म दिलाय न्हवं तुला?' तर म्हनले, 'व्हय, पन तू बाळंतपनाच्या गडबडीत हुतीस, तुझ्या ध्येनात कसं ऱ्हाईल? मी समक्ष हजर हुतो.'"

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता तिनं त्याच पदरानं डोळे टिपले.

"सगळं पावनं हसलं. आजीबी हसली. त्या दिवसापास्नं माझं वय कुनी काढलं न्हाय. आन् ह्येंनी ती पाच वर्सं आजून खाली ठेवली न्हाईत."

मी मुकाट्यानं जिना उतरले आणि आठ नि दोन घेऊन आले.

संध्याकाळी शेजारीपाजारी जमले. आप्पांनी ब्याऐंशी जाहीर केलं, एका फुंकरीत दोन्ही मेणबत्त्या विझवल्या आणि आलेल्या प्रत्येकाला आपल्या पाया पडायला लावलं. मीही पडले. पाठीत धपका घालून म्हणाले, "गुडघं जप."

माणसं पांगल्यावर मी चहा घेऊन त्यांच्या खोलीकडं निघाले. दार अर्धं उघडं होतं. आई कॉटवर पाय सोडून बसली होती. आप्पा एका हातानं कॉटची कड धरून हळूहळू वाकत होते.

"अवो, ह्ये काय? कंबर धरंल."

"गप बस. वाढदिवसाला घरातल्या थोरल्या मानसाच्या पाया पडायचं असतंय."

त्यांची बोटं तिच्या पावलांवर टेकली. आईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहू दिला.

मी दबक्या पावलांनी मागं सरले, थोडी थांबले, आणि मग कपबशा चांगल्या खणखण वाजवत आत गेले.