चौसष्ट एमबीची मेंढरं

"कॉम्प्युटर म्हंजी काय हो? मेंढरासारखंच जनावर! कान धरला की चालतं!" असं खंडेराव छातीठोक सांगायचा. कंपनीनं भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर त्यानं पडेगावच्या आपल्या दोन खोल्यांत आणला, त्या दिवसापासून गल्लीत तो इंजिनिअरच झाला होता. आता त्याला घरातली एक कामगिरी फत्ते करायची होती. बापाला थांबवायचं होतं!

बाप सोनाजी, जन्म मेंढरांमागं गेलेला. दुष्काळ पडला, चारा संपला, पाचोडच्या बाजारात सगळा कळप गेला आणि म्हातारा-म्हातारी लेकाकडं राहायला आली. शहर चौफेर वाढत होतं, माळावर प्लॉटिंगचे दगड उगवत होते. पाणी तेवढं टँकर येईल तेव्हाच. सोनाजी भिंतीकडं तोंड करून बसायचा, ताटात अर्धी भाकर तशीच ठेवायचा आणि एकच बोलायचा, "म्या गावाकडं जातो." गावाकडं होतं काय? आटलेली विहीर आणि मेंढरांचं रिकामं वाडगं! एकटा तिथं गेला तर म्हातारा पाऊस बघायचा नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

"मी अण्णांना मेंढरंच आणून देतो! टेबलावर!" खंडेरावानं जाहीर केलं आणि मेंढ्या चारायच्या गेमची सीडी आणली.

त्याच्या बायकोनं, शालूनं, खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं. "अहो, व्हिडिओ मेमरी दोनशे छप्पन पायजे म्हणत्यात. आपल्यात किती हाय?"

"चौसष्ट. पण रॅम टाकलाय की दुप्पट!"

"तो दुरुस्तीवाला कडुबा म्हणत होता, रॅम म्हंजी घरातली टाकी अन् व्हिडिओ मेमरी म्हंजी चित्र काढणाऱ्याचा हंडा. टाकी कितीबी मोठी केली तरी हंडा तेवढाच!"

"कडुबाला काय कळतंय!"

कोपऱ्यातून सोनाजी म्हणाला, "राम टाकला म्हंजी? आधी त्यात राम नव्हता व्हय?"

दुपारी खंडेरावानं खिडक्या लावल्या, पडदा ओढला, आईबापाला पुढं बसवलं आणि बटण दाबलं. कॉम्प्युटरचा पडदा काळाठिक्कर! गवत नाही, आभाळ नाही. मग दूर कुठंतरी घंटी वाजली. काळोखात दोन डोळे उघडले. मग आणखी दोन. मग डोळेच डोळे! अंग नाही, पाय नाहीत, नुसते डोळे अधांतरी हलत पुढं यायला लागले आणि स्पीकरातून बारीक आवाज आला, "ब्यॅऽऽ..."

"आगं माय माय माय!" खंडेरावाची आई बानाबाई किंचाळली. "कसायाच्या हाती गेलेली मेंढरं ती! खंड्या, लागिर आणलंस रं घरात!"

खंडेरावानं माऊस हलवला. डोळे तसेच. बंदचं बटण त्याला काही केल्या सापडेना. तेवढ्यात सोनाजी उठला. कित्येक दिवसांनी त्याची पाठ ताठ झाली होती. तोंडात जीभ दुमडून त्यानं जुनी हाळी दिली, "हुर्र्र... या या या!"

आणि सगळे डोळे थांबले. एकदम वळले. म्हाताऱ्याकडं बघत राहिले!

शालूनं धीर करून समजावलं, "मामा, भ्याचं काय नाय. त्याला मेमरी कमी पडती. मेमरी म्हंजी आठवण. आठवण कमी म्हणून मेंढराचं अंग इसरतो, डोळे तेवढे राहत्यात."

सोनाजी हळूच म्हणाला, "माझं बी तसंच झालंय पोरी. अंगं इसरलो. डोळे तेवढे ध्यानात हायेत." मग खंडेरावाकडं वळून जोरात, "बघतोस काय? तहानली हायेत ती! पाणी ठिव!"

झालं! टँकरचं पाणी घमेल्यात भरून टेबलाखाली ठेवणं रोजचं होऊन बसलं. म्हातारा पोटभर जेवायला लागला. बानाबाई मात्र मॉनिटरवरून लिंबू-मिरची उतरून टाकायची आणि दिवेलागणीला त्या खोलीत पाय ठेवायची नाही. आणि एक गोष्ट खंडेरावाला खटकायला लागली. घमेल्यातलं पाणी कमी होत होतं! रोज!

"मी विज्ञानवादी माणूस आहे. अंग दिसलं की भूत संपलं!" तो शालूला म्हणाला आणि तसाच कडुबाच्या दुकानाकडं पळाला. दोनशे छप्पनचं व्हिडिओ कार्ड आणून बसवलं. आता गेम कसा उजळला! हिरवंगार कुरण, निळं आभाळ, कापसासारखी गुबगुबीत मेंढरं! "बघा अण्णा! अंगासकट!"

सोनाजी वाकून बघत राहिला. त्याचं तोंड पडलं.

"ही कुणाची रं?"

"तुमचीच की!"

"माझी नव्हं. यांनी दुष्काळ बघितलेला नाय." म्हाताऱ्यानं घोंगडी काखेत मारली, काठी उचलली. "येतो म्या. गावाकडं कुणीतरी वाट बघत आसंल."

खंडेराव दाराकडं धावला. "अण्णा, थांबा! पाया पडतो, थांबा!" इंजिनिअरनं डबा खोलून नवं कार्ड असं उपटलं की बोटाला रक्त आलं! परत काळोख. परत घंटी. परत डोळे.

"आली रं आली," सोनाजीनं घोंगडी खाली टाकली आणि त्यावर मांडी घातली. खंडेराव भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला.

पाण्याचंही कोडं सुटलं. शेजारच्या भागूबाईची शेळी नुसत्या लोटलेल्या दारातून आत घुसताना रंगेहाथ सापडली! खंडेराव खदखदून हसला, गल्लीभर सांगत सुटला आणि दाराला कडी घातली.

दुसऱ्या दुपारी घमेलं निम्मं रिकामं होतं. कडी तशीच.

"ऊनच तसं पडलंय!" खंडेराव मोठ्यानं म्हणाला. मग गुपचूप उठला, स्वतःच्या आंघोळीचं पाणी घमेल्यात ओतलं आणि बापाशेजारी येऊन बसला.

"अण्णा... पुरंल न्हवं एवढं?"

"पुरंल," सोनाजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "पर तू पाय वर घे. काही पाठीमागनं बी येत्यात."