रिकामा ठेवायचा खड्डा

पाणी कुठून येईल आणि कुठे जाईल, हे आमच्या ऑफिसात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. माझ्याकडे डिग्री नाही. बावीस वर्षं इंजिनियर लोकांचे नकाशे काढताना त्यांच्या चुका खोडून खोडून शिकले. तेव्हा आमच्या कंपनीची नवी वसाहत कागदावर आली, तशी मी धाकट्या बहिणीला छातीठोकपणे म्हटलं, "शेवटच्या ओळीतलं घर घे. जागा सखल आहे, पण समोर मी मोठा खड्डा काढलाय. सगळ्या वसाहतीचं पावसाचं पाणी त्यात थांबेल आणि सावकाश नाल्यात जाईल. तुझ्या उंबऱ्याला शिवणारसुद्धा नाही."

तिने नकाशा उलगडूनही पाहिला नाही. ताईने सांगितलं, विषय संपला.

घरं झाली, खड्डाही झाला. आणि विक्रीवाले साहेब माझ्या टेबलाशी आले. माणूस इतका गोड बोलतो की आम्ही त्यांना पाठीमागे गूळसाहेब म्हणतो.

"बाई, गिऱ्हाईक विचारतं, हा खड्डा कशाला?"

"पाणी साठायला."

"पण तो रिकामा आहे."

"रिकामाच ठेवायचाय. रिकामा असेल तरच पाऊस मावेल ना?"

"अहो बाई, रिकामी जागा दाखवून घर विकता येतं का?"

पुढच्या आठवड्यात टँकर आले. नाल्याकडे जाणाऱ्या पाइपाचं तोंड बुजवलं, खड्डा काठोकाठ भरला, सहा बदकं सोडली आणि 'तळ्याकाठची घरं' असा बोर्ड लागला. बदकं तर अशी तोऱ्यात फिरत होती, जणू भागीदारच.

मी तडक मोठ्या साहेबांकडे गेले. "साहेब, भरलेल्या बादलीत आणखी बादलीभर पाणी कसं मावेल?"

साहेबांनी मान वर केली नाही. "नकाशात तेवढा निळा रंग भरा."

मग मी तक्रारीचं पत्र लिहिलं. मंजुरी देणाऱ्या सरकारी ऑफिसात द्यायचं म्हणून पर्समध्ये टाकलं आणि वाटेत बहिणीच्या नव्या घरी डोकावले. ती खिडकीत खुर्ची टाकून चहा पीत होती. तिच्या घरात तिला निवांत बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

"ताई, इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून भांडी घासली गं. आता बघ, समोर तळं. सासूबाईसुद्धा हल्ली माझ्याशी हसून बोलतात."

पत्र पर्समध्येच राहिलं. दुसऱ्या दिवशी मी निळा रंग भरला. कडेला बारीक लाटाही काढल्या.

पाऊस पडला तो भर दुपारी, फक्त दोन तास. बहिणीचा फोन आला.

"ताई, बदकं आलीत."

"कुठे?"

"सोफ्यावर."

मी पोचले तेव्हा घरात गुडघाभर पाणी होतं. सासूबाई जेवणाच्या टेबलावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, नावेची वाट पाहत असल्यासारख्या. गादी तरंगत स्वयंपाकघरात गेली होती. तेवढ्यात गूळसाहेबांचा फोन. "बाई, खड्डा तुम्हीच काढला होता ना? मग चालला कसा नाही?"

फोन ठेवला आणि बादली घेतली. आम्ही दोघी पाणी उपसत राहिलो. निम्मं उपसून झाल्यावर मला राहवेना.

"मला माहीत होतं गं, असं होणार ते."

तिचा हात थांबला. "मग बोलली का नाहीस?"

"तुला तळं आवडलं होतं."

"मला आवडायला काय, बदकंसुद्धा आवडतात. मला यातलं काय कळतं, ताई? म्हणून तर तुला विचारून घर घेतलं."

एवढं बोलून तिने माझ्या हातातली बादली काढून घेतली आणि टेबलाकडे वळून म्हणाली, "सासूबाई, उतरा. आपण दोघी उपसू."

सासूबाई निमूट उतरल्या, पदर खोचला. माझ्याकडे बदकं हाकलायचं काम आलं. तीही माझं ऐकत नव्हती.