धुणं झाल्याची धून

सभागृहातली शांतता आता अंगावर येऊ लागली होती. व्यासपीठावर दोन मुली व्हायोलिनचा गज खाली धरून उभ्या होत्या आणि परीक्षक बाई त्यांच्याकडे आशेने पाहत होत्या. दोघींचे गुण सारखे झाले होते. तिढा सोडवण्यासाठी बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "आता एकेकीने आपल्या आवडीचं काहीतरी वाजवा." त्यासरशी, भरल्या घरातली वीज जावी तसे दोन्ही चेहरे विझले होते.

तिसऱ्या रांगेत डावीकडच्या मुलीचा बाप बसला होता. तो शेजारच्या व्हायोलिन-मास्तरांच्या कानाशी झुकला.

"मास्तर, दुसरं काय येतं हो हिला?"

"काही नाही."

"काही नाही कसं? वर्षभर शिकवणी चाललीय."

"वर्षभर हीच एक रचना चाललीय. दुसरं काही शिकवून तिचं लक्ष उडवू नका, असं तुम्हीच बजावलं होतंत."

"ते स्पर्धा जवळ आली म्हणून."

"ती गेल्या वर्षीची स्पर्धा. त्यानंतर 'आता शिकवा' असं काही तुमच्या तोंडून आलं नाही."

बाप पुन्हा व्यासपीठाकडे पाहू लागला. तो वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा मेकॅनिक होता. घराची पुढची खोली हेच त्याचं दुकान. बिघाड सापडेपर्यंत एकच पट्टा शंभरदा फिरवून पाहायचा, हा त्याचा धंद्यातला नियम त्याने लेकीलाही लावला होता. मध्यंतरी ती कंटाळून म्हणाली होती, "बाबा, मला नाही वाजवायचं." तेव्हा हातात पाना आणि समोर गिऱ्हाईक, अशा घाईत तो बोलून गेला होता, "एकदा कप आण, मग टाक ते व्हायोलिन माळ्यावर. मी हूं की चूं करणार नाही."

त्या दिवसापासून पोरगी कैद्याने भुयार खणावं तशी सराव करू लागली. बाप येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला, "जिद्द बघा पोरीची." आज सकाळी मात्र तो पट्टे काढायला माळ्यावर चढला, तर तिथे एक कोपरा झाडूनपुसून रिकामा केलेला. बरोबर व्हायोलिनच्या पेटीएवढा. घरातून ते सूर उठून गेल्यावर उरणारी संध्याकाळ त्याला तिथेच, त्या पुसलेल्या फळीवर, पसरलेली दिसली. वर्षभर ज्या कपासाठी त्याने देव पाण्यात ठेवले होते, ते आता तो मनातल्या मनात भराभर बाहेर काढून पुसू लागला. हरू दे रे, एवढ्या वेळी हरू दे.

तेवढ्यात लेकीने गज उचलला.

पहिले चार सूर ऐकताच बापाची मान ताठ झाली. "मास्तर, हे समोरून उघडणारं मशीन."

"काय?"

"धुणं झालं की वाजतं ते. दुकानात दिवसभर हेच चालतं."

पुढच्या रांगेतल्या एक बाई सवयीने उठून उभ्याही राहिल्या आणि ओशाळून खाली बसल्या. हशा पिकला. पोरीने तीच धून आता संथ घेतली, जणू कपडे धुतले गेले पण डाग तसेच राहिले. मग एकदम द्रुत. स्पर्धेच्या रचनेने घोटून घोटून तयार केलेली बोटं प्रथमच मोकाट सुटली होती. उजवीकडची चष्मिष, म्हणजे तिची प्रतिस्पर्धी, हे सगळं डोळे विस्फारून ऐकत होती. तिला राहवेना. आपली पाळी नाही हे विसरून तिने फ्रिजचं दार उघडं राहिल्याचा सूर त्यात घुसवला. मग काय, धुणं आणि फ्रिज यांचं जे भांडण जुंपलं, ते दोघींना हसू अनावर होऊन गज थांबले तेव्हाच मिटलं.

"हे मी शिकवलेलं नाही," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "बोटं तेवढी माझी."

परीक्षक बाईही हसून लाल झाल्या होत्या. पण नियम तो नियम. स्पर्धा एकल वादनाची. दोघींनी मिळून वाजवलं, म्हणून दोघीही बाद. कप तिसऱ्या आलेल्या मुलाला. तो आशा सोडून केव्हाच बाहेर खेळायला पळाला होता. त्याला घामाघूम अवस्थेत शोधून आणण्यात आलं. त्याच्यासाठी मेकॅनिकने सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या.

"तुमचा कोण लागतो?" मुलाच्या वडिलांनी संशयाने विचारलं.

"कोणी नाही. पण देवमाणूस आहे."

बाहेर पायऱ्यांवर लेक आली. बापाने नेहमीसारखा पेटी घेण्यासाठी हात पुढे केला. वर्षभर ती त्यानेच वाहिली होती. आवाज शक्य तितका सहज ठेवत तो म्हणाला, "कप तर गेला. मग आता, ती माळ्यावरची जागा... तिथे मी पट्टे ठेवू का?"

फाटकापाशी चष्मिष उभी होती. "ए, लिफ्टचं दार उघडताना कसं वाजतं गं?" तिने ओरडून विचारलं.

लेकीने बापाच्या पुढे आलेल्या हातात पाण्याची रिकामी बाटली ठेवली, पेटी स्वतःच्या खांद्यावर अडकवली आणि फाटकाकडे चालू लागली.