दीड लोर्ना

ब्रुबेकरला लाज म्हणून नाही. मार्च महिन्यात हा माणूस माझ्या स्वयंपाकघरात चार वेळा आला, चार वेळा माझा सफरचंदाचा केक हाणला, आणि चारही वेळा म्हणाला, "काकू, मी आलेलोच नाही बरं का."

त्याचंही बरोबर. तो सेंट ऑडरिक या खासगी शाळेचा धावण्याचा कोच, आणि आमच्या ओहायोत नियम असा, की खासगी शाळेने दुसऱ्या शाळेतलं पोर खेळासाठी ओढायचं नाही. पोराशी बोलायचं नाही, घरच्यांशी बोलायचं नाही. कुत्र्याबद्दल नियमात काही नाही. म्हणून ब्रुबेकर माझ्या मोझेसशी बोलायचा.

"मोझेस, आठशे मीटर दोन मिनिटं बारा सेकंदांत पळणारी एखादी मुलगी असेल ना, तर आमच्याकडे तिला फी माफ असते."

माझी नात लोर्ना तिथेच बटाटे सोलत बसली होती. मीही नियम पाळणारी बाई. म्हटलं, "मोझेस, विचार त्याला, बूट कोण देणार?"

ऑगस्टात लोर्ना सेंट ऑडरिकला गेली. शाळेचं शेवटचं वर्ष तिचं. राज्याच्या स्पर्धेत एकदा पहिलं यायचं, एवढं एकच खूळ डोक्यात.

गावातल्या सरकारी शाळेचा, म्हणजे लोर्नाच्या आधीच्या शाळेचा कोच स्टॅम खवळला. "अन्याय आहे हा! ते अख्ख्या राज्यातून पोरं वेचणार, आणि आम्ही फक्त गावात राहणारी घ्यायची?" स्टॅमच्या पत्त्यावर तेव्हा नऊ धावपटू राहत होते, सगळे त्याच्या गॅरेजमध्ये. गॅरेज मी पाहिलंय. गवत कापायचं यंत्र आत ठेवलं की स्टॅमला बाहेर थांबावं लागतं.

राज्य क्रीडा संघटनेने समिती नेमली. समितीने सात बैठका आणि अठ्ठावीस खोकी डोनट संपवून समतोल साधला: खासगी शाळेचा प्रत्येक विद्यार्थी यापुढे दीड मोजावा. मी सहावीपर्यंत शिकले. आमच्या बाई माणसं अख्खी मोजायच्या. पण लोर्ना दीडशहाणी होतीच, आता कागदोपत्रीही झाली. बसमध्ये दीड जागा, डब्यात दीड सँडविच.

अडलं ते राज्याच्या स्पर्धेत. सुरुवातीला एका पट्ट्यात एकच धावपटू, हा नियम जुना. मग दीड लोर्ना उभी करायची कुठे? संघटनेचं पत्र आलं: 'अर्ध्या लोर्नाने पालकाच्या सहीने माघार घ्यावी. कोणती अर्धी, ते रकाना सातमध्ये नमूद करावे.'

मी लिहिलं, 'जिला स्टॅमने दोन वर्षं नुसत्या पाण्याच्या बाटल्या वाहायला लावल्या, ती.' आणि सही ठोकली.

लोर्ना पळाली. काय पळाली पोरगी! सगळ्यांच्या आधी, दोन मिनिटं बारा, आणि मागे कुत्रंही नाही. मी बाकावर चढून ओरडले, पुढच्या माणसाच्या टोपीत माझं सरबत सांडलं.

अर्ध्या तासाने निकाल लागला. माघार घेतलेली अर्धी लोर्ना प्रेक्षकांत कुठेही आढळून आली नाही. अर्थात तीही धावली. सबब तिची वेळ, एक मिनिट सहा सेकंद, मूळ वेळेत मिळवण्यात आली. तीन अठरा. शेवटचा नंबर. पहिली आली स्टॅमच्या गॅरेजमधली.

"न्याय झाला!" स्टॅम म्हणाला, आणि आमच्या गावाने उभं राहून टाळ्या वाजवल्या.

लोर्ना बूट हातात घेऊन माझ्याकडे आली. "आजी, मला हरवलं कोणी?"

"तूच गं. अर्धीने."

ती हसली नाही.

सोमवारी ब्रुबेकर पडेल चेहऱ्याने आला. न विचारता केक कापून घेतला, आणि मोझेसकडे वळला. "मोझेस, मला फार वाईट वाटतंय रे."

मी त्याच्या हातातली सुरी काढून घेतली.

"ब्रुबेकर, इकडे बघ. तू लबाड आहेस आणि फुकटखाऊ आहेस. पण निदान कुत्र्याशी तरी खरं बोललास, बाकीच्यांना तेवढंही जमलं नाही. न्याय म्हणजे काय, ते मला कळलंय: आपलं पोर मागे पडलं की आठवतो तो. मला तरी कुठे आधी आठवला होता? आता नीट बस. मोझेसला ऐकू येईनासं झालंय, तेव्हा जरा मोठ्याने बोल. लोर्नाची धाकटी बहीण दाराआड उभी आहे, आणि ती लोर्नाहून जोरात पळते."