पाय ठेवण्याची सोय

आंबेघोलच्या पठारावर दर श्रावणात उघड्यावर संगीत महोत्सव भरतो, आणि चिखल गुडघाभर असल्यामुळे श्रोत्यांना आपले पाय फाटकाशीच काढून ठेवावे लागतात. पाय घोट्यापासून निघतात. तिथल्या पायांच्या स्टँडवरचा माणूस ते पुसून मांडतो आणि हातात पितळी बिल्ला देतो. पुढे भाताच्या खाचरात फिरवतात तशा फळ्या असतात. फळीवर बसलं की स्वयंसेवक दोरीने ओढत आत नेतात.

निवास पहिल्यांदाच आला होता. गावात पिठाची गिरणी चालवणारा, चारचौघांत तोंड न उघडणारा हा पोरगा केवळ पेटी ऐकायची म्हणून आला. बायकोला, वैशालीला, सातवा महिना होता. त्याचा पाय घरातून निघेना, तेव्हा तीच म्हणाली, "जावा हो. मी कडी लावून बसते. तुमची पावलं वळकू येत्यात मला, ती ऐकल्याबिगर कडी काढायची न्हाई."

पेटी अप्रतिम वाजली. पाऊस झोडपत होता, तरी एकही माणूस उठला नाही. उठायला कुणाजवळ पाय नव्हते.

दिवस कलला, मैफल संपली आणि स्टँडवर झुंबड उडाली. निवासने बिल्ला दिला. माणसाने पाय आणले, घोट्यांना लावले, दाबले. निवासने खाली पाहिलं. त्याचे पाय काळे, रुंद, डाव्या अंगठ्याचं नख गिरणीच्या पट्ट्यात सापडून गेलेलं. हे पाय गोरे, निमुळते होते आणि सगळी नखं जागेवर होती.

"दादा, हे माझं न्हवंत."

"पावसात पांढरे पडतात पाय."

"आन् नखं उगवत्यात व्हय?"

मागून कोणी ओरडलं, "ए भावा, पाय हायत न्हवं? मग सरक की फुडं!"

समितीचे सचिव छत्री सावरत आले. "पाटी वाचली नाहीत का? अदलाबदलीस समिती जबाबदार नाही. एकदा बसवलेले पाय पुढच्या महोत्सवापर्यंत निघत नाहीत. काळजी करू नका, तुमचे पाय तुमच्या घरी व्यवस्थित पोचतील. पाय घर चुकत नसतात."

"घरी बायको एकटी हाय, सायेब."

"मग चांगलंच झालं. आता एकट्या नसतील."

निवास गावाकडे वळायला गेला, पण पाय घाटाकडे चालू लागले. त्याने विजेच्या खांबाला मिठी मारली. खाली पाय चालतच राहिले. हात सुटले तसा तो त्यांच्या मागोमाग निघाला. चालता चालता अंधार पडला, तेव्हा त्याने घरी फोन लावला.

"वैशाली, कडी काढू नगंस!"

पलीकडून ती हळूच म्हणाली, "कोन बोलतंय?"

"अगं, मी!"

"आमचं मालक तर आत्ताच आल्यात. लाईट न्हाई, मोरीत पाय धुत्यात. मी पावलं ऐकूनच कडी काढली. भाकऱ्या थापतीया मी. परत फोन करू नगा, भ्या वाटतंय मला."

फोन बंद झाला. ती त्यालाच भ्याली होती.

घाट उतरून पाय एका कौलारू घराच्या अंगणात शिरले, पायऱ्या चढले. निवासला एकही पायरी चाचपावी लागली नाही. दारात चाळिशीची बाई उभी होती. तिने आधी पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"या. पाणी काढलंय."

"बाई, मी तुमचा कुनी न्हवं."

"ठावं हाय. गेल्या साली आलते त्येबी असंच म्हनत हुते. सोभावानं बरं हुते. आज सकाळी गेले म्होत्सवाला, आपलं पाय हुडकायला."

"आन् तुमचा मानूस?"

"त्यो फिरतोय कुटं तरी. पाय तेवडं दरसाल घरी येत्यात." तिने वाकून त्या पायांवर कोमट पाणी ओतलं. बोटं सुखाने पसरली. ते सुख निवासपर्यंत पोचलं.

तो मागे फिरू लागला. पाय जागचे हलले नाहीत.

बाई म्हणाली, "तुमच्या घरी जो गेलाय, त्योबी असाच भेदरला असंल. त्याला जेवाया तरी मिळंल न्हवं?"

निवासने हातातल्या फोनकडे पाहिलं.

"मिळंल," तो म्हणाला. "भाकऱ्या थापत हुती."

"मग बसा," म्हणत तिने ताट वाढायला घेतलं.