सापडले आहे, पण काय ते सांगणार नाही

दुचाकी घ्यायची तर विजेवर चालणारीच, हे मी परत येण्याआधीच ठरवून टाकलं होतं. (बरीच वर्षं दूर राहून शिकलो होतो, त्यामुळे तत्त्वं भरपूर जमली होती. पैसे जमायचे राहिले होते.) म्हणून कर्ज. आयुष्यातलं पहिलं.

बँकेतल्या बाईंनी माझ्या पदव्या बाजूला सारल्या आणि विचारलं, "इथे तुम्हाला ओळखणारं कुणी?"

मी खूप विचार केला. शाळेतले मित्र नोकरीसाठी पांगलेले. नव्या ऑफिसात मला "ते नवीन आलेले" एवढंच नाव होतं. शेवटी मी शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "हे बाबा आहेत."

"मग यांनाच जामीनदार करू," बाई म्हणाल्या.

बाबा सह्या करत होते तेव्हा मी बाईंना हवेतल्या धुराविषयी सविस्तर सांगत होतो. बाई मधूनमधून घड्याळाकडे पाहत होत्या. (मला वाटलं, उरलेला वेळ मोजतायत. पृथ्वीचा.) बाहेर पडल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "हप्ता चुकवू नकोस."

आणि नंतर घरात शांतता.

आई ताईच्या बाळंतपणासाठी गेलेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. बाबा कुकर लावायचे, मी भांडी घासायचो, आणि संभाषण कुकरच्या शिट्टीवर सोपवलेलं. पण या शांततेत एक नवीन गोष्ट माझ्या लक्षात आली. बाबांनी पेपर वाचणं सोडलं होतं. सकाळी आलेला पेपर रात्रीपर्यंत घडीही न मोडता पडून असायचा. पेपरशिवाय ज्याचा चहा घशाखाली उतरत नाही, तो माणूस भिंतीकडे बघत चहा प्यायचा.

मी आईला फोन लावला. "बाबा रागावलेत. कर्जामुळे. माझ्याशी बोलत नाहीत."

"आधी कधी बोलायचे?" आई म्हणाली. मागे बाळ रडायला लागलं आणि फोन कट झाला.

त्याच सुमाराला मला ती वस्तू सापडली. खाली पार्किंगमध्ये, माझ्या नुकत्याच आलेल्या गाडीशेजारी, मीटरच्या पेटीवर. तपकिरी डबीत एक वाचायचा चष्मा. एक काडी दोऱ्याने बांधलेली.

दुसरा कुणी असता तर तो वॉचमनकडे देऊन मोकळा झाला असता. पण मी जिथे शिकलो तिथे सापडलेली वस्तू परत करणं हा नागरिकत्वाचा पाया मानला जातो. शिवाय (हे फक्त तुम्हाला सांगतो) मला वाटलं, चष्मा घ्यायला कुणीतरी येईल, आभार मानेल, दोन शब्द बोलेल. एका माणसाची तरी ओळख होईल.

मी जिन्यापाशी कागद लावला: "सापडले आहे. एक वस्तू. ओळख पटवून घेऊन जाणे. रोज संध्याकाळी, पार्किंगमध्ये." वस्तू कोणती ते मुद्दामच लिहिलं नाही. लबाडीला वाव नको.

लबाडीला वाव राहिला नाही. बाकी सगळ्याला राहिला.

मी गाडीजवळ घडीचं टेबल आणि दोन खुर्च्या मांडून बसलो. पहिल्यांदा दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या. "सापडली का रे? बरं झालं बाई! गॅलरीतून खाली पडली होती. निळी, काठाला फुलं."

"काकू, ही वस्तू निळी नाही."

"धुतली असशील. रंग जातोच तिचा." चादर नाही म्हटल्यावर काकू रागावल्या. "मग माझी चादर शोधायला कोण बसणार?"

नंतर एक शिकवणी घेणाऱ्या बाई आल्या. त्यांची छत्री हरवली होती. वॉचमनची बॅटरी हरवली होती. तळमजल्यावरचा शिंपी स्वतःची कात्री शोधत आला, ती त्याच्याच गळ्यात अडकवलेली निघाली. तो इतका खूश झाला की जाताना माझे आभार मानून गेला. (ही माझी एकमेव यशस्वी केस.)

चौथ्या मजल्यावरचे आजोबा तर रोज येऊ लागले.

"तुमचं काय हरवलंय, आजोबा?"

"ते आठवलं असतं तर हरवलं कशाला असतं? तू एकेक नाव घे. मी हो-नाही सांगतो."

काकूंचा प्रश्न वेगळाच होता. "लग्नाचं काय ठरलं?" त्याची नोटीस मी लावलेली नाही, असं मी त्यांना सांगितलं.

असं करता करता पार्किंगमध्ये गर्दी जमू लागली, पण लोक माझ्याकडे यायचे ते स्वतःच्या वस्तूचं बोलायला आणि जायचे एकमेकांशी बोलत. मी मध्ये टेबल धरून बसलेला. वर पाहिलं की आमच्या गॅलरीत बाबा उभे दिसायचे. मी हात केला की आत जायचे.

एका संध्याकाळी रांगेत शेवटी बाबा उभे होते. त्यांचा नंबर आला तसे ते समोरच्या खुर्चीत बसले. टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही दोघं. कर्जाच्या दिवसानंतर पहिल्यांदाच इतके समोरासमोर.

"काकू सांगत होत्या, इथे हरवलेलं मिळतं," बाबा म्हणाले.

"बाबा, जिन्यात एवढा मोठा कागद लावलाय. वाचला नाहीत?"

"कशाने वाचू?"

माझ्या डोक्यात अजून काहीच शिरलं नाही. उलट मी आवाज अधिकृत केला. "वस्तूचं वर्णन करा."

"तपकिरी डबी. आत चष्मा. डावी काडी दोऱ्याने बांधलीय, दोरा पांढरा होता, आता काळा पडलाय. आणि हे बघ," बाबा टेबलावर वाकले, "तू माझा मुलगा आहेस हे बँकेत लिहून दिलंय मी. आता चष्मा माझा आहे हे तुला लिहून देऊ?"

आजोबा इतके मोठ्याने हसले की त्यांना स्वतःची कवळी सांभाळावी लागली.

बाबा चष्मा लावतात हे मला माहीत होतं. पेपरमागे रोज सकाळी तो असायचाच. फक्त मी त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"गाडी आल्यावर एक सही राहिली म्हणून बँकेत परत गेलो होतो. मला वाटलं, तिथेच राहिला," बाबा हळू आवाजात म्हणाले. "आता जामीनदाराने तिथे जाऊन काय सांगायचं, मी माझाच चष्मा सांभाळू शकत नाही म्हणून?"

"पण तो इथे, गाडीजवळ होता!"

बाबा जरा लाजले. "तू झोपला होतास तेव्हा खाली आलो होतो. गाडीवर बारीक बारीक काय काय लिहिलंय, ते वाचत होतो. चांगली आहे गाडी."

मी टेबल तिथेच घडी केलं. "बसा मागे. चक्कर मारू."

बाबा बसले. माझ्या मागे पहिल्यांदाच कुणीतरी बसलं होतं. कोपऱ्यावर चाकात हवा भरायला थांबलो, पुढे निघालो, आणि विजेची गाडी असल्यामुळे सगळीकडे शांत शांत. मला एकदम धीर आला. समोर बघत मी बोलायला लागलो. "बाबा, मला वाटत होतं, तुम्ही रागावलात. तिकडे असताना रोज तुम्हाला फोन करावासा वाटायचा. पण फोनवर आपण पाऊस पडला का, एवढंच विचारणार, म्हणून आईलाच करायचो. परत आलो ना, ते खरं तर तत्त्वासाठी नाही आलो. कंटाळलो होतो. एकट्याने जेवायचा कंटाळा आला होता."

सिग्नल लागला. शेजारच्या स्कूटरवाल्याने हेल्मेटची काच वर केली. "दादा, माझ्याशी बोलताय का?"

मी मागे वळून पाहिलं. सीट रिकामी होती.

(मागे कुणी बसल्यावर गाडी किती जड होते, हे मला ठाऊक असायला आधी कुणी बसलेलं हवं होतं ना!)

तसाच उलटा फिरलो. हवा भरायच्या दुकानासमोर पालथ्या डब्यावर बाबा आरामात बसून दुकानदाराशी गप्पा मारत होते. त्याची मुलं, त्याचं भाडं, त्याची गुडघेदुखी, सगळं विचारून झालं होतं.

"आलास?" बाबा उठत म्हणाले. "हा सांगत होता, तुमचा मुलगा निघाला तेव्हा काहीतरी बोलत होता. मी म्हटलं, फोनवर असेल. माझ्याशी तो कशाला एवढं बोलेल?"